बाळाबाईचं मेंढरू

बाळासोने आपली मेंढरं पुतण्याच्या हवाली केली, कुत्री दिली, कोकरं झाकायची डालगी दिली, वाड्याची जाळी दिली. लोकर कातरायची कातर मात्र दिली नाही. पुतण्याने विचारलंही, "तात्या, सोलापुरात काय करायचीय तिची?" बाळासो म्हणाला, "आसूं दे की." जुन्या धोतरात गुंडाळून त्याने ती पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवली आणि सांगोल्याच्या स्टँडवर एसटीत बसला.

गुडघे गेले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, आता मेंढरांमागं चालणं बंद. चालणं बंद म्हणजे धंदा बंद, आणि धंदा बंद म्हणजे लेकीकडे जाणं आलं. लेक एकच. पूनम. जुळे सोलापुरात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, बिरुदेवचं, बैठं घर. बिरुदेव एसटीत कंडक्टर, पूनम एका शाळेच्या ऑफिसात. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीपुढं चार हात जागा आणि लोखंडी फाटक. आतली खोली त्यांनी म्हाताऱ्यासाठी झाडून-पुसून ठेवली होती. खाट, पंखा, नवीन चादर. बाळासोने उंबऱ्यातूनच खोली पाहिली, "आत लई उकडतंय," म्हणाला आणि ओसरीत घोंगडी पसरली. महिना मार्गशीर्षाचा. मार्गशीर्षात सोलापुरात कोणाला उकडतं हे त्यालाच ठाऊक. पण पूनमने वाद घातला नाही.

कारण बापलेकीला दोघांनाही माहीत होतं. त्याची बायको बाळाबाई (नवरा बाळासो, बायको बाळाबाई, उभ्या गावाने या जोडीला जन्मभर हसून घेतलं) चार वर्षांपूर्वी त्याच खोलीत आजारी होती. पाच महिने. दवाखाना सोलापूरचा, म्हणून लेकीकडे ठेवलेली. बाळासो त्या वेळी मेंढरं घेऊन लांब कोल्हापूरच्या बाजूला होता. फोनवर "बरी हाय" एवढंच कळायचं. एके दिवशी "निघून या" असा फोन आला आणि तो पोचला तेव्हा बाळाबाईला ओसरीत आणून ठेवलेलं होतं. या घरात त्याला ती भेटली ती ओसरीतच. म्हणून तो ओसरीत निजायचा. आणि असंही आहे की लेकीच्या घरी बाप म्हणजे पाहुणा. पाहुण्याने उंबऱ्याच्या अलीकडेच बरं, असं त्याचं मत होतं.

घरात त्याला काम नव्हतं. ज्वारी निवडायला घेतली की पूनम सूप काढून घ्यायची. झाडू हातात घेतला की बिरुदेव लाजायचा. "मामा, बसा की निवांत!" आता जो माणूस साठ वर्षं दिवसाला पाच कोस चालला, त्याला निवांत बसा म्हणणं म्हणजे बैलाला सुट्टीत सिनेमाला जा म्हणण्यासारखं. पण माणसाला बसवून खायला घातलं की त्याचा मान राहिला, असं शहरात समजतात. समजोत बापडे.

फाटकाच्या आत, घराच्या भिंतीला लागून एक मोरपंखी होती. तीच ती, जिची पानं चपटी, एकात एक गुंतलेली, बारा महिने हिरवी असतात आणि शाळेतली पोरं जिची डहाळी "विद्या" म्हणून पुस्तकात ठेवतात. ती बाळाबाईने लावलेली. दवाखान्यातून येताना एका नर्सरीपुढं तिने रिक्षा थांबवायला लावली होती, झाडाच्या अंगात हात घातला होता आणि पूनमला म्हणाली होती, "बग गं, मेंढराच्या पाठीत हात घातल्यावानी लागतंय." तेव्हा कमरेइतकं असलेलं झाड तिने हट्टाने घरी आणलं आणि स्वतः खड्ड्यात बसवलं. त्याला ती "माजं मेंढरू" म्हणायची. ती गेली, पण घरात नाव तेच राहिलं. चार वर्षांत मेंढरू पुरुषभर वाढलं आणि दोन्ही अंगांनी फुगलं.

फाल्गुन संपत आला होता. एका सकाळी पूनम स्कूटर बाहेर काढत होती आणि हँडल झाडात अडकलं. ओढून काढता काढता ती म्हणाली, "आण्णा, आईचं मेंढरू लई माजलंय बगा. जरा कातरायला पायजे." आणि गेली निघून.

कातरायला पायजे. जुळे सोलापुरात याचा अर्थ वरवर दोन बोटं छाटायचं, सरकारी नोकराने हजामत करावी तसं. सांगोल्याच्या माळावर कातरण्याचा अर्थ एकच. कातडं दिसलं पाहिजे. पूनम त्याच माळावर जन्मली होती, पण वीस वर्षं ऑफिसात बसून तिच्या तोंडातल्या शब्दाचा अर्थ बदलला होता, आणि हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

बाळासोला ते शब्द ऐकून केवढा आनंद झाला म्हणून सांगू! चार महिन्यांत लेकीने पहिल्यांदा काम सांगितलं होतं, आणि तेही असं, जे सबंध जुळे सोलापुरात त्याच्याशिवाय कोणाला येत नव्हतं. त्याने पेटी उघडली. कातर काढली, पायरीच्या दगडावर पाणी टाकून घासली, अंगठ्यावर धार पाहिली. मग चार बादल्या पाणी आणून झाड वरपासून खालपर्यंत धुतलं.

समोरच्या घरातल्या सिद्धेश्वरीकाकू शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या ओरडल्या, "काय हो आण्णा, झाडाला आंघोळ व्हय?"

"कातरायच्या आदी धुवाय लागतंय. मळ आसला की कातर चालत न्हाय."

काकूंनी मान डोलावली. त्यांच्या माहेरी तेलाची घाणी होती. मेंढरांतलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि झाडातलं त्याहून कमी.

झाड उन्हात निथळलं तसा बाळासो खालून सुरुवात करून वर वर कातरत गेला. "हूं... हूं... झालं, झालं बाय, थांब की जरा." हात त्याचे सत्तरीतही झपाझप चालत होते. हिरवी लोकर ओंजळींनी खाली पडत होती, आणि आतून तपकिरी, काटक्या-काटक्यांचं अंग उघडं पडत होतं. तेच कातडं, असं त्याने धरलं. शेंड्याला मात्र बिरोबाच्या नावाने एक झुपका राखला. त्यांच्या घरी पहिल्या मेंढरावर तसा राखायची रीत होती. मागच्या बाजूला भिंत होती, मधल्या बोळकांडीत त्याचं अंग शिरेना आणि कातर उघडेना, म्हणून ती बाजू तेवढी राहिली. बाकीचं मेंढरू त्याने दोन तासांत साफ केलं. दोन-चार जागी साल निघाली होती. तिथं घरातली हळद आणून भरली. मेंढराला कातर लागली की हळद भरतात. खाली पडलेली हिरवी लोकर त्याने पोत्यात भरली आणि पोत्याचं तोंड बांधून ठेवलं, कारण लोकर कोणी टाकून देत नाही.

मग हातपाय धुऊन तो पायरीवर बसला आणि लेकीची वाट बघू लागला. इतकी वाट त्याने तिच्या जन्माच्या वेळीसुद्धा पाहिली नसेल.

साडेपाचला पूनम आली. स्कूटर फाटकाबाहेरच थांबली. ती उतरली, झाडासमोर उभी राहिली. बाळासोला वाटलं, आता म्हणेल, काय हात हाय आण्णा तुमचा! ती म्हणाली, "हळद कुनी लावली?"

"मीच की. लागलं हुतं दोन जागी."

स्कूटर तशीच रस्त्यावर सोडून पूनम आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली, कप ठेवला आणि पुन्हा आत गेली. ड्यूटीवरून आलेल्या बिरुदेवने झाड पाहिलं, तोंड उघडलं, दारातून बायकोचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "मामा, फाटक लई मोकळं झालं."

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरीकाकू मात्र मोकळेपणाने किंचाळल्या. "अय्यो आण्णा! मेंढरू कातरल्यागत कातरला की हो!"

"मंग? मेंढरूच हाय त्ये. येतंय दोन म्हैन्यात." बाळासोने हे इतक्या खात्रीने सांगितलं की काकूंनाही पटलं.

दोन महिने. मेंढराच्या अंगावर बोटभर लोकर यायला तेवढे पुरतात. पाडवा झाला. ऊन चढलं, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे काही विचारू नका. रोज सकाळी उठल्या उठल्या बाळासो झाडापाशी जायचा, एकेका काटकीवरून बोट फिरवायचा, कुठं हिरवा टिपूस दिसतो का बघायचा. दुपारी उघड्या अंगाला ऊन लागू नये म्हणून झाडावर आपली घोंगडी टाकायचा आणि स्वतः ओसरीच्या फरशीवर पडायचा. रस्त्याने जाणारे येणारे थांबून बघायचे, घोंगडी पांघरलेलं झाड. हसले तरी त्याला काही वाटायचं नाही. पण पोत्यातली लोकर वाळून तपकिरी झाली आणि हात घातला की चुरा होऊ लागला, तेव्हा कोणी बघायच्या आत त्याने पोत्याचं तोंड पुन्हा आवळून बांधलं.

आणि पूनम झाडाविषयी बोलत नव्हती. बाकी सगळं बोलायची. भाकरी वाढू का, गोळी घेतली का, गुडघा कसा हाय. पण फाटकातून जाता-येता मान दुसरीकडे वळवायची. बाळासोने त्याचा एकच अर्थ लावला. लेकीच्या आईची एवढी एक खूण या घरात जिवंत होती आणि ती आपण मारली. लेक बापाला बोलून दाखवत नाही, पण राग पोटात आहे. झाड हिरवं झालं की राग जाईल. नाही झालं तर या घरात राहायचं तोंड आपल्याला नाही, गावी पुतण्याच्या खोपीत जाऊन पडायचं. असं त्याने मनाशी ठरवलं आणि दिवस मोजू लागला.

वैशाखात दोन महिने पुरे झाले. एक कोंबही फुटला नव्हता. रविवार होता, पूनम कपडे धूत होती. बाळासोने एक काटकी मोडून धोतराच्या सोग्यात गुंडाळली, "आलोच," म्हणाला आणि जिथून बाळाबाईने झाड आणलं होतं त्या विजापूर रोडवरच्या नर्सरीत रिक्षाने गेला. नर्सरीवाला चनबसप्पा, भला माणूस, कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने काटकी नखाने खरवडली, वास घेतला.

"कुनी केलं हो अज्जा हे?"

"हाय एक येडा."

"त्या येड्याला सांगा, हिरवं तेवढंच ह्याचं जित्तं असतंय. वरवर कातरायचं, हिरवं ठेवून. आतल्या तपकिरी लाकडाला परत फुटवा येत नाही बगा."

"मेंढराला येतंय की."

"मेंढराला येतंय, अज्जा. ह्याला येत नाही." मग त्याला सालीवरचं पिवळं दिसलं. "आणि ही हळद?"

"लागलं हुतं त्याला," बाळासो म्हणाला.

चनबसप्पाने पाण्याची नळी खाली ठेवली. आतून म्हाताऱ्याला खुर्ची आणून दिली. "बसा. पाणी घ्या. समदं गेलं का कुटं हिरवं हाय?"

"शेंड्याला झुपका हाय. न् मागं, भितीच्या अंगाला."

"मग झाड मरत नाही. तेवढ्यावर जगतंय ते. पाणी बेतानं द्या. पुढची बाजू मात्र गेली म्हणा. तेवढ्याच उंचीचं दुसरं देऊ का?"

"नगं," बाळासो म्हणाला. "त्ये आमच्या मालकिणीनं लावलंय."

घरी येऊन त्याने पेटी आवरली. कपडे थोडेच होते. पूनम ओसरीत पिळलेले कपडे झटकत होती.

"पूनम, त्ये झाड परत येत न्हाय. मी इचारून आलो." "तुज्या आईचं झाड मी घालवलं. तुजा राग बरूबर हाय बाय. उद्या सकाळच्या गाडीनं जातो मी गावाकडं."

पूनमच्या हातातला सदरा तसाच राहिला. "राग? कसला राग आण्णा?"

"झाडाचं कायबी बोलत न्हाईस तू. झाडाकडं बगत न्हाईस."

"मला पहिल्याच दिशी ठावं हुतं," पूनम म्हणाली. "मोबाईलवर बगितलं मी. परत येत नसतंय म्हणून लिवलं हुतं. तुमी रोज सकाळी बोट लावून बगायचा, घोंगडं घालायचा त्याच्यावर. मी आतनं बगायची. कसं सांगू तुमाला? जीभच उचलंना."

"येवढं सांगायला काय झालं?"

"न्हाय सांगता येत मला. आईच्या टायमालाबी न्हाय सांगितलं तुमाला."

हे बोलणं चार वर्षं या घरात कुठंतरी दबा धरून बसलं होतं, आणि आता ते आलंच. पूनमने सदरा बादलीत टाकला आणि भिंतीला टेकून खाली बसली. "डॉक्टर दोन म्हैनं आदी म्हणला हुता, आता ही ऱ्हात न्हाय. आई म्हणली, त्येंला कळवू नगस. मेंढरं व्यायला आल्यात, ती टाकून येत्याल न् हितं भितीला टेकून बसत्याल. मी तिचं ऐकलं. बरी हाय, बरी हाय म्हणत ऱ्हायले. तुमी येकदाबी इचारलं न्हाय मला, का बोलवलं न्हाईस म्हणून. इचारलं आसतं, शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं, आण्णा."

बाळासो तिच्या शेजारी बसला. गुडघे दुखले, पण बसला. "का इचारलं न्हाय, सांगू? मला वाटलं, तू म्हणशील, बोलवलं आसतं तर तुमी आला आसता का? आन् त्याचं उत्तर मला ठावं न्हवतं."

पूनम रडली. बाळासोही रडला, धनगराने रडू नये असं कुठं लिहिलेलं नाही. समोरच्या ओसरीतून सिद्धेश्वरीकाकू उठून आत गेल्या. बऱ्या होत्या त्या तशा.

"आता मला कायबी झाकू नगस," तो शेवटी म्हणाला. "वंगाळ आसलं तरी सांगत जा. लगीच."

"न्हाय झाकत." तिने नाक पुसलं. "तुमच्या चहात दोन म्हैनं झालं साखर न्हाय. साखरेच्या जागी गोडाची गोळी टाकते मी. रिपोर्टमदी साखर वाढली हुती."

"त्ये कळलंय मला पहिल्याच दिशी. लई वंगाळ लागतंय."

"मंग बोलला न्हाय ते?"

"तू पोरगी प्रेमानं देतीस. काय बोलू?"

पूनमला रडता रडता हसू फुटलं. मग ती उठली, त्याच्या हाताला धरून त्यालाही उठवलं. "चला आत."

"उकडतंय आत."

"आण्णा."

तो निघाला. उंबऱ्यापाशी थांबला, मग ओलांडला. खोलीत अंधुक होतं. पूनमने खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि खिडकी भरून मोरपंखी उभी होती. भिंतीच्या अंगाची बाजू, जिथं त्याचं अंग शिरलं नव्हतं, कातर गेली नव्हती. हिरवीगार, दाट, गजांना टेकलेली. रस्त्यावरून जे झाड काटक्यांचा सापळा दिसत होतं, ते इथून जसं होतं तसंच होतं.

"तिनं रस्त्यासाठी न्हवतं लावलं," पूनम म्हणाली. "खाटंवरनं दिसावं म्हणून लावलं हुतं. तिला उठता येत न्हवतं नंतर. निसती बगत पडायची. वारं आलं की म्हणायची, मेंढरं हालली बग. तुमच्या नावानंबी बोलायची त्याच्यासंगं. मी न्हाय बोलवलं तुमाला, पन ती येकटी न्हवती आण्णा."

बाळासोने गजांतून हात बाहेर घातला. हिरव्यात बोटं खुपसली आणि बराच वेळ तशीच ठेवली. बाळाबाई म्हणाली होती ते खरंच होतं. आत हात घातला की मेंढराच्या पाठीत घातल्यासारखं लागत होतं. दोन महिने रोज त्याने या झाडाला हात लावला होता आणि हे त्याला कळलं नव्हतं.

"लई चुकलं बाय तुजं," तो म्हणाला. "बोलवायला पायजे हुतंस. पन तिचं ऐकलंस, त्येबी बरंच केलंस. मला दोन्ही वाटतंय. काय करावं?"

"काय न्हाय करायचं," पूनम म्हणाली.

तो खिडकीपासून मागं फिरला. खाटेकडे पाहिलं, नव्या चादरीवर एकदा हात फिरवला.

"कुनीकडं डोकं करून निजायची ती?"

"दाराकडं. खिडकीकडं पाय. म्हणजे समोर दिसतंय."

खाट एकट्यापुरतीच होती. बाळासो दाराकडं डोकं करून तिच्यावर आडवा झाला, आणि शेजारी जागा राहावी म्हणून जरा कडेला सरकला.